जुन्या छबींची किमया (भाग ५) : अंड्याच्या पांढऱ्यावरचे फोटो

इंग्रज संशोधक टॅल्बट याच्या मिठाच्या कागदाची उणीव मागच्या भागात आपण पाहिली. चांदीचे कण कागदाच्या धाग्यांत मुरत, त्यामुळे चित्र मऊ आणि जरा पुसट दिसे. ते कागदाच्या वरच धरून ठेवायला काहीतरी हवं होतं. 1850 मध्ये लुई देझिरे ब्लांकार-एव्हरार या फ्रेंच माणसाने त्यासाठी अंड्यातलं पांढरं वापरलं, आणि पुढची चाळीसेक वर्षं जगातले बहुतेक फोटो याच ‘अल्ब्युमिन’ कागदावर छापले गेले.

पांढऱ्यात मीठ घालून ते फेस येईपर्यंत घुसळायचं, निवळू द्यायचं, गाळायचं. मग पातळ कागद त्यावर अलगद तरंगवायचा, असा की एकच बाजू भिजेल. हा कागद वाळवून खूप दिवस ठेवता येई. छापायच्या वेळी तो सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणावर तरंगवला की मीठ आणि चांदी मिळून उजेडाला काळं पडणारं सिल्व्हर क्लोराइड तयार होई. वर काचेची निगेटिव्ह ठेवून चौकट उन्हात मांडायची. चित्र उन्हातच उमटत जाई. चौकटीची पाठ बिजागरीची असे. छापणारा ती अर्धी उघडून रंग कितपत चढला ते बघे. चित्र पक्कं करणाऱ्या हायपोच्या द्रावणात ते फिकं होतं म्हणून ते मुद्दाम जास्त गडद छापायचं, हा सगळा अंदाज नजरेचा. हायपोआधी सोन्याच्या क्षाराच्या द्रावणातून काढलं की तांबूस रंग जाऊन जांभळट तपकिरी छटा येई.

मागणी इतकी वाढली, की जर्मनीतलं ड्रेस्डेन शहर या कागदाचं केंद्र झालं. तिथल्या एका मोठ्या कारखान्यात दिवसाला सुमारे 60,000 अंडी लागत. पांढरं आणि बलक वेगळं करायचं काम बायका हाताने करत. ड्रेस्डेनमध्ये पांढरं काही दिवस आंबवत. त्याने थर एकसारखा बसे, पण आंबलेल्या पांढऱ्याचा वास सोसत काम करणाऱ्या या बायकांची नावं कुठल्याच फोटोखाली नाहीत. उरलेला बलक कातडी कमावायला जाई.

मुंबईत विल्यम जॉन्सन या छायाचित्रकाराने 1863 आणि 1866 मध्ये इथल्या निरनिराळ्या समाजांच्या लोकांवर दोन खंड काढले. त्यांतले फोटो अल्ब्युमिनवर छापून पानांवर चिकटवलेले आहेत. काही ठिकाणी एकीकडे टिपलेली माणसं दुसऱ्याच दृश्यासमोर उभी केलेली दिसतात. फोटोत दिसलं ते खरं, हा भरवसा तेव्हाही धोक्याचाच होता.

आज मोबाइलवर फोटो ‘जुना’ करायला जो पिवळेपणा चढवतात, तो मूळ छायाचित्रकारांना नको होता. तो पुढे वयानुसार येतो, कारण पांढऱ्यात अडकलेली थोडी चांदी हायपोनेही निघत नाही. शिवाय त्यातली प्रथिनं आणि साखर यांची कालांतराने क्रिया होते. ताजा छाप जांभळट आणि लखलखीत असे, आणि तो तसा डोळ्यांपुढे आणल्याशिवाय त्या काळच्या कारागिरीला न्याय मिळणार नाही, असं मला वाटतं.

घरात पुठ्ठ्यावर डकवलेला असा फोटो असेल, तर भिंगातून पाहा. चकाकत्या थराखाली कागदाचे धागे आणि वर केसासारख्या बारीक भेगा दिसतील. ओल्या फडक्याने मात्र पुसू नका, थर फुगतो आणि भेगा वाढतात.

पुढच्या आठवड्यात या कागदावर ठेवल्या जाणाऱ्या काचेच्या निगेटिव्हकडे, म्हणजे फ्रेडरिक स्कॉट आर्चरच्या 1851 मधल्या ओल्या काचेकडे वळू.