रिसोवरचं पोस्टर: टिंब, खाचा आणि दोन शाया

सावेडीच्या माउली सभागृहात एकांकिका असल्या की नुसत्या अक्षरांचं, दोन रंगांतलं कागदी पोस्टर करावं असं कुणा ना कुणाला वाटतं. ते छापायला रिसोचं नाव काढलं की ऐकू येतं, ‘म्हणजे झेरॉक्सच ना? क्लासच्या प्रश्नपत्रिका काढतात ते?’

यंत्र तेच, पण ती झेरॉक्स नव्हे. झेरॉक्समध्ये कोरडी पावडर उष्णतेनं कागदावर चिकटते. एका जपानी कंपनीनं आणलेल्या रिसोग्राफमध्ये, म्हणजेच रिसोमध्ये, पातळ मास्टरला (स्टेन्सिलला) बारीक छिद्रं पडतात, तो ड्रमवर गुंडाळला जातो आणि आतली शाई छिद्रांतून कागदावर उतरते. नात्यानं हे स्क्रीन प्रिंटिंगचं भावंड. मास्टरचा खर्च ठरलेला, त्यामुळे दहा प्रती महाग पडतात आणि पाचशे स्वस्त.

स्क्रीनवरचा रंग जसाच्या तसा येतो, हा दुसरा गैरसमज. एका ड्रममध्ये एकच शाई. म्हणून प्रत्येक रंगाची फाइल वेगळी आणि तीही काळ्या-करड्यात द्यायची. शाई पारदर्शक असते. पिवळ्यावर निळी चढली की हिरवा मिळतो. हा तिसरा रंग फुकटचा, तो जरूर वापरावा.

सगळ्यात घात करतो तो ‘जाड अक्षर म्हणजे बिनधोक’ हा समज. ‘एक टाइप’चा ‘मोदक’ फॉन्ट घ्या. देखणा, गुबगुबीत, पण त्याच्या आतल्या खाचा अगदी बारीक. लहान आकारात छापला की शाई पसरून त्या बुजतात. ‘एकांकिका’ हा शब्द गडद पट्टीवर पांढरा सोडून पाहा: आधी अनुस्वाराचं टिंबच गिळलं जातं. मोदक हातभर मोठाच शोभतो. बारीक मजकुराला ‘मुक्ता’चं मधलं वजन घ्यावं, टिंब थोडं मोठं करावं. देवनागरीत टिंब गेलं की शब्दच बदलू शकतो, त्यामुळे इथे हयगय नको.

रंग थोडे सरकले तर छापणाऱ्याची चूक मानू नका. दुसऱ्या रंगासाठी कागद पुन्हा यंत्रातून जातो. मिलिमीटरभर इकडेतिकडे होणारच. एका रंगातल्या भोकात दुसऱ्याचं अक्षर नेमकं बसवण्यापेक्षा सरळ वर चढवावं.

गुळगुळीत आर्ट पेपर उठून दिसतो हे खरं, पण ही शाई कागदात मुरते. आर्ट पेपरवर ती न मुरता ओलीच राहून बोटाला लागते. शाई शोषणारा मॅपलिथो कागद घ्या. पण त्यावरही पानभर गडद रंग भरला तर कागद ड्रमला चिकटतो.

आणि तारीख, वेळ, ‘माउली सभागृह, सावेडी’ ही ओळ एकाच गडद शाईत ठेवा. दोन शायांत वाटली आणि रंग सरकला, तर आकडे रस्त्यावरून नीट कळत नाहीत.