नक्तांध्य आणि दृष्टिपटलाचे प्रकाशानुकूलन

वैशाखातील मध्यान्ही जंगली महाराज रस्त्यावरून पाताळेश्वराच्या लेण्यात शिरणाऱ्यास प्रथम काही दिसत नाही. मग खांब दिसू लागतात, आणि बऱ्याच वेळाने आतला कोपराही. त्या अवधीत डोळ्यात काय घडते हे नक्तांध्याचा रुग्ण पाहणाऱ्या वैद्यास उपयोगी असल्याने तो विषय येथे मांडीत आहोत.

बाहुली मोठी होते, एवढे उत्तर पुरेसे नाही. तिचा व्यास २ मिलिमीटरवरून ८ मिलिमीटर झाला, तरी आत येणारा प्रकाश १६ पटच वाढतो. अमावास्येची रात्र आणि दुपारचे ऊन यांतील अंतर मात्र कोटीपटीहून अधिक आहे. ते सांभाळण्याचे काम मुख्यतः दृष्टिपटलाचे होय. तेथे सुमारे १२ कोटी दंडपेशी मंद प्रकाशासाठी, तर सुमारे ६० लाख शंकुपेशी दिवसासाठी व रंगांसाठी आहेत. उन्हातून गडद अंधारात गेल्यावर शंकुपेशी साधारण १० मिनिटांत आपल्या परीने सज्ज होतात. दंडपेशींना ३० ते ४० मिनिटे लागतात, कारण त्यांतील ऱ्होडोप्सिन हे रंगद्रव्य 'अ' जीवनसत्त्वापासून पुन्हा घडावे लागते.

येथवरचे बहुतेकांस ठाऊक असते. त्यावरून या दोन पेशी पाळी बदलणाऱ्या पहारेकऱ्यांसारख्या परस्परांपासून अलग आहेत, असा समज होतो. तो बरोबर नाही. दंडपेशींच्या मुख्य मार्गास मेंदूकडे जाण्याची स्वतंत्र वाट नाही. त्यांचा संदेश त्यांच्या द्विध्रुवी पेशींकडून अमॅक्राइन पेशींकडे जातो आणि तेथून शंकुपेशींच्याच द्विध्रुवी पेशींच्या वाटेला लागतो. याशिवाय दंड व शंकू यांच्यात थेट जोडही आहेत. दिवसा दृष्टिपटलात स्रवणारे डोपामिन हे जोड सैल करते, रात्री ते घट्ट होतात. संधिप्रकाशात दोन्ही पेशी एकदम काम करतात. तेव्हा जास्वंदीचे तांबडे फूल काळवंडते आणि पाने त्यामानाने उजळ भासतात, कारण दंडपेशींना तांबडा प्रकाश जवळजवळ दिसत नाही.

सुश्रुतांनी श्लेष्मविदग्ध दृष्टीत नक्तांध्य, तर पित्तविदग्ध दृष्टीत दिवसा न दिसणे वर्णिले आहे. म्हणजे दोन तक्रारींचे दोन विकार हे निरीक्षण आपल्याकडे जुनेच आहे. (त्यांची 'पटले' म्हणजे आजचे दृष्टिपटल नव्हे, आणि आलोचक पित्त म्हणजे ऱ्होडोप्सिन असे समीकरण मांडणे आम्हांस घाईचे वाटते.) नक्तांध्यावर पिप्पलीयुक्त अजायकृताचा योग त्यांनी सांगितला. यकृत हे 'अ' जीवनसत्त्वाचे भांडार असल्याने त्याच्या अभावी झालेल्या नक्तांध्यात या योगाचे महत्त्व सहज कळते.

अडचण पुढे आहे. रात्री न दिसणारा प्रत्येक रुग्ण या अभावाचा नसतो. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आनुवंशिक विकारात दोष पुष्कळदा केवळ दंडपेशींत असतो, तरीही त्यांच्यामागून निर्दोष शंकुपेशीही मरतात. शंकुपेशींना जगविणारे एक प्रथिन दंडपेशींकडून मिळते, असे २००४ मध्ये दाखविले गेले. आज फक्त रात्रीची तक्रार करणारा तरुण पुढे दिवसाची दृष्टीही गमावू शकतो तो यामुळे. तेव्हा घृत किंवा अंजन योजण्यापूर्वी विचारावे: चित्रपटगृहात जागा सापडावयास इतरांपेक्षा किती अधिक वेळ लागतो? बाजूच्या वस्तूंना धक्के लागतात का? घराण्यात असे कोणी आहे का? आईवडिलांचा विवाह नात्यात, मामेबहिणीशी वगैरे, झालेला आहे का? उत्तरे संशयास्पद असतील, तर बाहुली विस्फारून दृष्टिपटलाची तपासणी करविण्यास नेत्रतज्ज्ञाकडे विनाविलंब पाठवावे.

तेथे होणाऱ्या विद्युत्-दृष्टिपटल आलेखात दोन्ही पेशींची परीक्षा वेगवेगळी होते. अंधारात दिलेल्या मंद चमकेस दंडपेशी उत्तर देतात. उजेडात सेकंदास ३० वेळा लुकलुकणाऱ्या प्रकाशास मात्र शंकुपेशीच साथ देऊ शकतात. दंडपेशींच्या भागासाठी रुग्णास आधी किमान २० मिनिटे काळोखात बसवितात. ही बैठक लांबली तर नातलग कुरकुरतात, म्हणून तिचे कारण त्यांना आधीच सांगून ठेवावे.