फळ कोणत्या काडीवर येतं?

परसातल्या फळझाडाला कात्री लावण्याआधी एक गोष्ट माहीत असावी लागते: या झाडाला फळ धरतं कुठे? काडीच्या शेंड्याला, नव्या फुटीवर की जुन्या लाकडावर? छाटणीबद्दलचे बरेच गैरसमज हा प्रश्न न विचारल्यामुळे टिकून आहेत.

गैरसमज: आंबा छाटला की मोहर जातो.

वस्तुस्थिती: कधी छाटला यावर ते अवलंबून आहे. आंब्याचा मोहर काडीच्या शेंड्यातून येतो आणि ती काडी काही महिन्यांची, चांगली जून झालेली असावी लागते. कोकणात मोहर साधारण नोव्हेंबरपासून दिसू लागतो. दिवाळीच्या साफसफाईत शेंडे उडवले, तर मोहराची जागाच जाते. तेच काम शेवटचा आंबा उतरवल्यावर लगेच केलं, तर पावसाळ्यातली पालवी हिवाळ्यापर्यंत जून व्हायला वेळ मिळतो. त्या वेळी वाळक्या फांद्या, बांडगूळ धरलेलं लाकूड आणि आत दाटी करणाऱ्या काड्या काढाव्यात. आतवर ऊन पोचलं, वारा खेळला की भुरी आणि तुडतुड्यांचा जोर कमी राहतो.

गैरसमज: सगळी झाडं एकाच वेळी छाटून टाकली की काम झालं.

वस्तुस्थिती: पेरूला फूल नव्या फुटीवर येतं. त्यामुळे शेंडे छाटले की फूट येते आणि तिच्यावर कळ्या धरतात; कोणता बहार हवा, त्यावर छाटणीची वेळ ठरते. सीताफळ पानं गाळून विश्रांती घेतं, त्याला नवी पालवी यायच्या आधी छाटावं. लिंबाला फारशी छाटणी लागतच नाही. वाळलेल्या काड्या, म्हणजे संत्रा बागायतदार जिला सल म्हणतात ती, वेळच्या वेळी काढली तरी पुरते.

द्राक्षाचं गणित वेगळंच. नाशिक-सांगलीकडे एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी होते. घड डोळ्यांना दिसतात ते फळछाटणीनंतर, पण काडीवरच्या डोळ्यात घड तयार होतो तो खरड छाटणीनंतरच्या पहिल्या दोनेक महिन्यांत. अंगणातल्या मांडवावरच्या वेलाला फक्त ऑक्टोबरात कात्री लावणाऱ्याचा वेल पानांनी भरतो आणि घडांना मुकतो, याचं एक कारण हे आहे.

गैरसमज: आखूड, गाठाळ काड्या निकामी असतात, त्या आधी काढाव्यात.

वस्तुस्थिती: सफरचंदाच्या बाबतीत ही चूक महागात पडते. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातले शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केलेल्या ‘एचआरएमएन-९९’ या कमी थंडीत फळणाऱ्या वाणामुळे सफरचंदाचं झाड आता महाराष्ट्रातल्या परसांतही दिसतं. सफरचंदाच्या बहुतेक वाणांना फळ मुख्यतः दोन वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या लाकडावरच्या आखूड काड्यांवर धरतं आणि त्याच काड्या अनेक वर्षं फळतात. टोकदार, चपटा डोळा पानाचा. फुगीर, लवदार डोळा फुलाचा. फांदी गुळगुळीत दिसावी म्हणून या गाठी खरवडल्या, तर पुढच्या काही वर्षांचं फळ आपणच कापतो.

गैरसमज: शेंडा एकदाच खाली घेतला की झाड आटोक्यात राहतं.

वस्तुस्थिती: उलट होतं. शेंड्यात तयार होणारं संप्रेरक खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की ते डोळे एकदम सुटतात आणि कापाखाली सरळसोट फुटव्यांचं रान माजतं. शिवाय सावलीत वाढलेली साल अचानक उन्हात येऊन भाजते. उंची कमी करायची, तर फांदी मधेच न तोडता एखाद्या जोमदार बाजूफांदीच्या बेचक्यापर्यंत मागे घ्यावी. एका वर्षात पालवीचा चौथा हिस्सा काढला तरी खूप झालं. जुना, थकलेला आंबा मुद्दाम खोलवर छाटून नवा करतात हे खरं. पण त्यानंतर दोन-तीन वर्षं फळाची आशा सोडावी लागते आणि खोडकिड्यावर नजर ठेवावी लागते.

गैरसमज: जोमाने वर जाणारी फूट म्हणजे झाड सुदृढ असल्याची खूण.

वस्तुस्थिती: हे बहुधा पाणसोट असतात. ते अन्न खातात आणि फळ क्वचितच देतात. कोवळे असतानाच काढावेत. फूट कलमाच्या जोडाखालून आली असेल, तर ती आपल्या वाणाची नाही, खुंटाची आहे. संत्रा-मोसंबीच्या कलमाखाली बहुधा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचा खुंट असतो. तो वाढू दिला, तर काही वर्षांत वरचं कलम मागे पडतं आणि झाडाला आंबट, बियाळ फळं लागतात.

गैरसमज: खोडाला चिकटून कापावं आणि वर डांबर किंवा ऑइलपेंट फासावा.

वस्तुस्थिती: आपल्या त्वचेसारखी झाडाची जखम भरून येत नाही. झाड इजा झालेला भाग आतून बंद करतं आणि त्याच्या कडेने नवं लाकूड चढवतं. अमेरिकेच्या वनसेवेतले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून हे दाखवलं. फांदीच्या बुडाशी फुगीर कडं असतं. त्याच्या अगदी बाहेरून कापावं, म्हणजे कडंही शाबूत राहतं आणि खुंटीही उरत नाही. डांबर-रंगाने कूज थांबत नाही. खाली ओल मात्र अडकू शकते. दमट हवेत मोठ्या कापावर बुरशी रोखण्यासाठी बोर्डो पेस्ट लावतात ती वेगळी: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी.

गैरसमज: झाड माझ्या आवारातलं, मग परवानगी कशाला?

वस्तुस्थिती: महाराष्ट्रातल्या शहरांना १९७५ चा झाडांच्या संरक्षण व जतनाचा कायदा लागू आहे आणि तो खासगी आवारातल्या झाडांनाही धरतो. फळ काढल्यावर छाटायचं ठरवलं असेल, तर मोठ्या फांद्यांसाठी महापालिकेच्या उद्यान विभागात अर्ज आंबे झाडावर असतानाच द्यावा. परवानगी दिवाळीत हातात आली, तर कात्री पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाजूला ठेवलेली बरी.