मत गुप्त, मोजणी उघडी

पुष्कळ वर्षांपूर्वी वागळे इस्टेटमधील एका लहान कारखान्यात आम्ही संघटना बांधीत होतो. बेचाळीस कामगारांनी सभासदत्वाचे अर्ज भरून दिले तेव्हा आम्हांला फार आनंद झाला. उरलेल्यांनाही धीर यावा म्हणून आम्ही त्या बेचाळीस जणांची नावे सुवाच्य अक्षरांत लिहून फाटकासमोरच्या आमच्या फळ्यावर लावली. ती कामगारांनी वाचली, तशी मालकाच्या माणसांनीही वाचली. आठवडा उलटला नाही तोच त्यांपैकी नऊ हंगामी कामगारांना फाटकावर अडवून ‘उद्यापासून काम नाही’ असे सांगण्यात आले. कारण कोणी लिहून दिले नाही. आमच्या उत्साहाची किंमत नऊ घरांनी मोजली.

या धड्याने आम्ही शहाणे झालो, पण एकाच बाजूने. सभासदांची नोंदवही कपाटात गेली, कपाटाला कुलूप लागले आणि किल्ली दोघा पदाधिकाऱ्यांकडे राहिली. हळूहळू त्याच कपाटात वर्गणीचा हिशेबही जाऊन बसला. आजारी सभासदांच्या मदतनिधीत किती जमले, किती खर्च झाले, असे कोणी विचारले की ‘ते गुप्त आहे’ एवढेच उत्तर मिळू लागले. एका पैशाची अफरातफर झाली नव्हती. परंतु न दाखवलेल्या हिशेबावर विश्वास कोण ठेवणार? दोन वर्षांत निम्मे सभासद निघून गेले.

पहिल्या वेळी झाकायचे ते आम्ही उघड्यावर टाकले आणि दुसऱ्या वेळी उघडे ठेवायचे ते झाकले. कोणता कागद कोणी पाहावा आणि कोणी पाहू नये, हा वरवर कारकुनी वाटणारा प्रश्न आहे. पण त्यावर लोकांच्या भाकरीचा आणि विश्वासाचा निकाल लागतो. म्हणून त्याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

कायदा करणाऱ्यांना हा भेद फार पूर्वीच कळला होता. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याच्या विसाव्या कलमात असे होते की, नोंदलेल्या संघटनेची हिशेबाची पुस्तके आणि सभासदांची यादी ही पदाधिकाऱ्यांना व सभासदांना, नियमांत ठरवलेल्या वेळी, पाहण्यास खुली असली पाहिजेत. या वाक्यात काय आहे आणि काय नाही, दोन्ही पाहावे. यादी साऱ्या जगाला दाखवा असे त्यात नाही; मालकाला दाखवा असे तर मुळीच नाही. परंतु संघटनेतल्या साध्यातल्या साध्या सभासदालाही कोणी ‘तुला पाहता येणार नाही’ असे म्हणू शकत नव्हते. हे कलम आम्ही त्या वेळी नीट वाचले असते, तर आमच्या दोन्ही चुका टळल्या असत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने घेतली आहे. पण त्या कलमामागचे शहाणपण शिळे झालेले नाही.

हेच शहाणपण सर्वांच्या परिचयाच्या ठिकाणी पाहायचे असेल, तर मतदान केंद्रात जावे. इंग्लंडमध्ये १८७२ पर्यंत मतदार आपले मत चारचौघांत मोठ्याने सांगत असे. ऐकणाऱ्यांत जमीनदार असे, त्याचा कारभारीही असे. कुळाने कोणाला मत दिले हे ज्याला कळते, त्याला कुळाला जमिनीवरून हुसकावताही येते. म्हणून त्या वर्षी कायद्याने मत गुप्त केले. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची निराळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह असे, आणि पेट्या आडोशाला ठेवलेल्या असत. मतदाराने आत जाऊन आपल्या पसंतीच्या पेटीत कागद टाकायचा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२८ व्या कलमाने मताची गुप्तता राखणे हे मतदान आणि मोजणी यांच्याशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्यावर, कारकुनावर आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींवरही बंधनकारक केले आहे.

परंतु त्याच निवडणुकीत मोजणी मात्र बंद खोलीत एकट्या अधिकाऱ्याने करायची नसते. उमेदवारांचे प्रतिनिधी समोर बसतात. केंद्रावर एकूण किती मते नोंदली गेली याची प्रतही मतदान संपताच त्यांना देण्यात येते. एकेकाचे मत झाकलेले, सर्वांची बेरीज उघडी! आडोसा काढला तर दुबळा मतदार भयाने मत देईल. मोजणी झाकली तर बलवान बेरीज बदलील. दोन्ही मिळून निवडणूक होते.

कामगार चळवळीला या गोष्टीची फार मोठी किंमत मोजावी लागली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यानुसार त्यांच्या वतीने बोलणी करण्याचा हक्क मात्र राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे होता. प्रातिनिधिक संघटना कोणती, हे त्या कायद्याखाली सभासदांच्या नोंदींवरून ठरे, कामगारांच्या गुप्त मतदानाने नव्हे. तो कायदा रद्द करा ही संपाची एक मागणीच होती. संप फसण्याची कारणे अनेक आहेत. परंतु आपला प्रतिनिधी कोण, हे कामगाराला निर्भयपणे सांगण्याची सोय असती, तर निदान तो एक वाद रस्त्यावर लढावा लागला नसता.

आता सरकारी कागदांकडे वळू. १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनी केला आणि तो आजही आहे. कचेरीतला कागद म्हणजे साहेबाचा कागद, ही सवय त्या काळातली. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून जनसुनावण्या घेतल्या. सरकारी कामांवरील हजेरीपट गावासमोर मोठ्याने वाचले गेले, तेव्हा जे कधी कामावर गेले नव्हते त्यांच्या नावानेही मजुरी निघालेली दिसली. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा माहिती अधिकाराचा कायदा आला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा पूर्णपणे लागू झाला.

या केंद्रीय कायद्याचे दहावे कलम आम्हांला विशेष आवडते. एखाद्या कागदात काही मजकूर गुप्त ठेवण्याजोगा असेल, तर तेवढाच वगळून बाकीचा कागद द्यावा, असे ते सांगते. एका ओळीसाठी सबंध फाइल दडपता येत नाही. मात्र याच कायद्यातील खासगी माहितीविषयीचे कलम २०२३ च्या कायद्याने बदलले गेले आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आला आहे. सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहिती, अशी जी जुनी मर्यादा होती ती जाऊन आता नुसती ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच शब्द राहिले आहेत. उद्या हजेरीपट मागितला तर ‘त्यात मजुरांची नावे आहेत’ असे उत्तर येऊ शकते. मजुराचे नाव पुढे करून ठेकेदाराची चोरी झाकली जाण्याचा हा धोका आहे. लोकहित मोठे असेल तर माहिती देता येते, असे आठव्या कलमाचे दुसरे पोटकलम अजून शिल्लक आहे. अर्ज करणाऱ्यांनी त्याचा आधार घेण्यास विसरू नये.

तेव्हा कागदाला कुलूप लावण्यापूर्वी किंवा तो फळ्यावर लावण्यापूर्वी तीन गोष्टी विचाराव्यात. हा कागद उघड झाला तर इजा कोणाला होईल, दुबळ्याला की सत्ता असलेल्याला? ज्याच्या पैशाचा किंवा पोटाचा यात प्रश्न आहे, त्याला तो पाहता येतो काय? आणि झाकायचे आहे ते एक नाव आहे की सारा हिशेब? गृहनिर्माण संस्था असो, पतपेढी असो की गणेशोत्सव मंडळ असो, हे प्रश्न सगळीकडे लागू पडतात.

आमच्या संघटनेत आता मदतनिधीचा जमाखर्च दर महिन्याला फळ्यावर लागतो. किती रुपये आले, किती आजारी सभासदांना किती गेले, एवढे त्यात असते. कोण आजारी आणि काय आजार, हे नसते. नावांची वही सभासदांनीच निवडलेले दोघे तपासनीस पाहतात आणि ते पदाधिकारी नसतात. सभासदांची यादी कोणाही सभासदाला ठरलेल्या दिवशी कचेरीत बसून वाचता येते. फोनवर तिचे छायाचित्र मात्र काढू देत नाही, कारण काढलेले छायाचित्र तासाभरात कोणाकोणाकडे पोहोचेल हे सांगता येत नाही. यावर कुरकुर करणारे आहेत. त्यांना आम्ही त्या नऊ जणांची गोष्ट सांगतो. आणि फळ्यावरचा जमाखर्च कशाला, असे एखादा नवा पदाधिकारी विचारतो, तेव्हा त्याला निघून गेलेल्या निम्म्या सभासदांची सांगतो.