माळ्यावरचा संगणक आणि आबांच्या ओव्या

चंदगडला पावसाळ्यात दोन गोष्टी कोरड्या ठेवणं अवघड. एक सरपण आणि दुसरा कागद. सरपणाचा प्रश्न गॅसने बराचसा सोडवला, कागदाचा अजून तसाच आहे. माझा इथं छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तकं, दूध संस्थांचे अहवाल, कधीमधी एखादी स्मरणिका, असं आमचं काम. दर उन्हाळ्यात मी माळा रिकामा करतो आणि बुरशी धरलेले गठ्ठे बाहेर काढतो. मागं एकदा अशी झाडाझडती करताना दोन वस्तू हाताला लागल्या. त्या दोन वस्तूंचीच ही हकिकत आहे.

पहिली वस्तू म्हणजे काळ्या प्लास्टिकचा, पाटीएवढा एक संगणक आणि त्याच्याबरोबर बुटाच्या खोक्यात भरलेल्या कॅसेटी. दुसरी वस्तू म्हणजे एक सीडी. तिच्यावर माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘जात्यावरच्या ओव्या, संपूर्ण, २००१’.

आबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर त्यांनी वाड्या-वस्त्यांवर फिरून म्हाताऱ्या बायकांकडून ओव्या उतरवून घेतल्या. तीनेकशे भरल्या असतील. छापखान्यात गिऱ्हाईक नसलं की संगणकापाशी बसून एका बोटाने त्या टाइप करायचे. मूळ वही आमच्या इथल्या ओलाव्याने खाल्ली, पुढं आबाही गेले. ओव्या सीडीवर सुरक्षित आहेत, ही आमच्या घरातली समजूत होती. सीडी उघडून पाहायचं मात्र कुणाला सुचलं नव्हतं.

आधी त्या काळ्या पेटीबद्दल सांगतो. इंग्लंडमध्ये क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीने १९८२ साली ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ नावाचा घरगुती संगणक काढला. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ पासून परवान्यावर तो ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ म्हणून विकला. माझा आतेभाऊ मुंबईला नोकरीला होता. त्याने १९८७ साली हौसेने तो घेतला आणि हौस फिटल्यावर वर्षभराने माझ्या गळ्यात मारला. याला स्वतःचा पडदा नाही, घरातला टीव्ही जोडायचा. माहिती साठवायला डिस्क नाही, साधा टेपरेकॉर्डर जोडायचा. कॅसेट लावली की कर्कश्श किंचाळल्यासारखा आवाज यायचा आणि पाच-सहा मिनिटांनी, नशीब असेल तर, कार्यक्रम सुरू व्हायचा. मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. आणि चंदगडच्या पावसात वीज कधी जात नव्हती, ते विचारा!

याची स्मृती होती ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो त्याच्या कित्येक पट जागा खातो. संपूर्ण पडद्याचं रंगीत चित्र ६९१२ बाइटांत बसवलेलं. पडद्यावर आडव्या ३२ आणि उभ्या २४ चौकटी, प्रत्येक चौकटीत आठ बाय आठ ठिपके आणि एका चौकटीत फक्त दोन रंग. अक्षरं अर्थातच इंग्रजी. पण करणाऱ्याने एक खिडकी उघडी ठेवली होती. एकवीस चौकटी अशा होत्या, की त्यांत आपल्याला हवं ते चिन्ह ठिपक्या-ठिपक्याने भरता यायचं.

मी आलेखाच्या वहीवर आठ बाय आठचे चौकोन आखले आणि देवनागरी बसवायला लागलो. वरची ओळ शिरोरेषेत गेली. उरलेल्या सात ओळींत ‘ग’ बसला, ‘ड’ जरा दाटीने बसला. मग कळलं, की वेलांटीला, मात्रेला, अनुस्वाराला शिरोरेषेच्या वर जागाच नाही आणि उकाराला खाली नाही. एका अक्षराला वर-खाली दोन चौकटी द्याव्या, तर एकवीस चौकटी दहा अक्षरांत संपतात. गावाचं नाव लिहायला घेतलं आणि ‘चं’च्या अनुस्वाराशी गाडी अडली. तेव्हा टीव्हीवर पहिल्यांदा उमटलेला शब्द होता ‘दगड’. आई म्हणाली, “एवढा खर्च करून दगडच लिहायचा होता?” दुसऱ्या दिवशी ग्रामदैवताचं नाव घेतलं. ‘रवळनाथ’ या शब्दाला ना वेलांटी, ना उकार, ना अनुस्वार. सहा चौकटींत देव बसला. ते कॅसेटवर साठवून ठेवलं होतं.

आता गंमत ऐका. माझी भाची बेळगावला संगणक शिकते. तिला ती पेटी दाखवली. पेटी बंदच पडली होती. पण ती म्हणाली, “मामा, कॅसेट चालते का बघूया.” टेपरेकॉर्डरची वायर तिने आजच्या संगणकाला जोडली आणि ‘ऑडॅसिटी’ नावाच्या कार्यक्रमाने तो किंचाळणारा आवाज उतरवून घेतला. मग ‘फ्यूज’ नावाचा दुसरा कार्यक्रम उघडला. हा आजच्या संगणकाच्या आत जुन्या स्पेक्ट्रमचं हुबेहूब सोंग वठवतो. दोन कॅसेटी बुरशीने गेल्या होत्या. तिसरी लागली आणि १९८८ साली मी ठिपक्यांनी भरलेला रवळनाथ पडद्यावर उभा राहिला.

त्याच संध्याकाळी आबांची सीडी लावली. फाइल उघडली, आणि तिच्यात एकही मराठी अक्षर नव्हतं. इंग्रजी अक्षरं, उद्गारचिन्हं, डोक्यावर टोप्या घातलेले युरोपीय स्वर, अशी तीस-चाळीस पानं. कॅसेटीपेक्षा तेरा वर्षांनी नवी असलेली फाइल, आणि वाचता येत नव्हती!

असं का व्हावं? संगणक अक्षर साठवत नाही, क्रमांक साठवतो. कुठल्या क्रमांकावर कुठलं अक्षर, हे आधी ठरवावं लागतं. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली एक राष्ट्रीय मानक ठरलं होतं. पण छपाईचे फाँट विकणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्याच खुर्च्यांवर आपापल्या सोयीने मराठी अक्षरांचे तुकडे बसवले. एकाच्या फाँटमध्ये ‘क’ ज्या खुर्चीवर, तिथं दुसऱ्याच्या फाँटमध्ये काना. त्यामुळे ज्या फाँटमध्ये लिहिलं, त्यातच ते वाचता येणार. आमचा फाँट एका कुलपाने चालायचा. हे संगणकाच्या पाठीमागच्या खाचेत खोचायचं बोटभर यंत्र. ते केव्हाच बिघडलं होतं आणि ती खाच तर आजच्या संगणकांना नसतेच. विकणाऱ्याकडे चौकशी केली, तर ती आवृत्ती आता मिळत नाही, एवढंच उत्तर मिळालं. त्याचंही चुकलं असं म्हणवत नाही. आमच्याकडची बाकीची सॉफ्टवेअरं कॉपी केलेल्या सीडीवरून घातलेली होती, हे कुणाला सांगणार?

स्पेक्ट्रमचं मात्र उलट झालं होतं. त्याच्या पोटातला मूळ कार्यक्रम ओळीन् ओळ उलगडून सांगणारं पुस्तक १९८३ सालीच इंग्लंडमध्ये निघालं होतं. पुढं ती मालमत्ता ज्या कंपनीकडे गेली, त्या अ‍ॅमस्ट्रॅडने १९९९ साली अशा सोंग घेणाऱ्या कार्यक्रमांबरोबर तो मूळ कार्यक्रम वाटायला परवानगी दिली. आतलं सगळं माहीत असल्यामुळे जगभरच्या हौशी लोकांनी ते यंत्र पुन्हा उभं केलं.

‘फ्यूज’ आणि ‘ऑडॅसिटी’चे पैसे किती, असं मी भाचीला विचारलं. ती म्हणाली, “मोफत आहेत, पण मोफतपेक्षा मुक्त आहेत हे महत्त्वाचं.” इंग्रजीत या दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे त्यांचा घोळ होतो. आपल्याकडे शब्द दोन आहेत. मोफत म्हणजे दाम नाही. मुक्त म्हणजे कार्यक्रम वापरायला, उघडून बघायला, बदलायला आणि दुसऱ्याला द्यायला मोकळीक. रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थाने १९८३ साली ही चळवळ सुरू केली. फोटोवर काम करायचं ‘गिंप’ बर्कलीच्या दोन विद्यार्थ्यांनी लिहिलं. रेषांची चित्रं आणि अक्षररचना करायला ‘इंकस्केप’ २००३ पासून आहे. ‘ब्लेंडर’ हे त्रिमिती चित्रांचं सॉफ्टवेअर आधी एका कंपनीचं होतं. कंपनी बुडाली, तेव्हा लोकांनी २००२ साली सात आठवड्यांत एक लाख युरो वर्गणी जमवून ते मुक्त करून घेतलं. आपल्याकडे वर्गणीतून मांडव उभे राहतात. वर्गणीतून सॉफ्टवेअर सुटल्याचं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

सगळं गोड आहे असं मात्र नाही. पानं लावायचं ‘स्क्रायबस’ मी पूर्वी एकदा घालून पाहिलं होतं. त्यात जोडाक्षरं फुटून पाय मोडल्यासारखी दिसत. देवनागरी नीट दाखवणारी त्याची स्थिर आवृत्ती २०२४ साली आली. ‘गिंप’ काम करतं पडद्याच्या तीन रंगांत आणि छापखाना चालतो चार शायांवर. त्यामुळे पहिल्या पत्रिकेवरचा कुंकवाचा लाल विटकरी निघाला आणि मला शंभर पत्रिका पदरच्या कागदावर पुन्हा छापाव्या लागल्या.

पण अक्षरांच्या बाबतीत मला खजिनाच सापडला. आज जगभर ‘युनिकोड’ची एकच आसनव्यवस्था चालते. तिच्यात ‘क’चा क्रमांक २३२५, मग फाँट कुणाचाही असो. त्यावर चालणारे मुक्त परवान्याचे मराठी फाँट आता भरपूर आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या मंडळींचे ‘मुक्ता’ आणि ‘बालू’ तुम्ही नावं न कळता रोज पाहत असाल. त्यांचाच ‘मोदक’ पाहाच. अक्षरं इतकी फुगलेली, की आतली पोकळी म्हणजे केवळ एक चीर. गणेशोत्सवाच्या फलकावर मी तो लावला, तर लोक अक्षराला बोट लावून बघत होते!

एका आजोबांनी मात्र मला धडा शिकवला. नातीची पत्रिका त्यांनी परत केली. म्हणाले, “हा लग्नातला ल आपला नव्हे.” मी पत्रिका ‘मंगल’ फाँटमध्ये केली होती. हा फाँट आपल्या र. कृ. जोशींनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवला आणि संगणकावरच्या देवनागरीवर त्यांचे मोठे उपकार आहेत. पण त्यातला ‘ल’ उजवीकडे उभा दंड असलेला, हिंदी वळणाचा. मराठी ‘ल’ला मध्ये देठ आणि दोन बाजूंना दोन पाकळ्या. ‘श’चंही मराठी वळण निराळं. महाराष्ट्र शासनाने २००९ साली निर्णय काढून ही मराठी वळणंच मान्य केली आहेत. आणि ‘शुभविवाह’ व ‘लग्न’ हे शब्द सुरू होतात नेमके याच दोन अक्षरांनी! आता काही मुक्त फाँटांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा मराठी आहे एवढं संगणकाला सांगितलं, की अक्षर आपणहून वळण बदलतं. आजोबांना नवी पत्रिका नेऊन दिली. त्यांनी चष्मा वर करून पाहिली आणि आधी ‘ल’लाच कुंकू लावलं.

राहिल्या ओव्या. फाइलमधली कुठली खुर्ची कुणाची, हे कळायला काहीतरी आधार हवा होता. मला आठवलं, की आबांनी निवडक बारा ओव्या एका पत्रकात छापल्या होत्या. ते पत्रक आईच्या ट्रंकेत सापडलं. एका बाजूला छापील ओवी, दुसऱ्या बाजूला फाइलमधला गोंधळ. आम्ही अक्षराला अक्षर लावत तक्ता करत गेलो. बारा ओव्यांत सगळी जोडाक्षरं येत नाहीत, तेव्हा उरलेली अंदाजाने भरली. भाचीने या तक्त्यावरून एक छोटा कार्यक्रम लिहिला. जुन्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होत असे, युनिकोडमध्ये ती नंतर साठवतात. त्यामुळे पहिल्या खेपेला प्रत्येक वेलांटी शेजारणीच्या डोक्यावर जाऊन बसली. ते सुधारलं, तर ‘डोंगरदऱ्या’ सगळीकडे ‘डोंगरदर्या’ झाल्या. मराठीतला तो अर्धा ‘ऱ’ वेगळा मोजायला आम्ही विसरलो होतो. आमच्या सह्याद्रीत चक्क समुद्र शिरला. दिवाळीची सगळी सुट्टी यात गेली. पंधरा-वीस ओळी सोडल्या, तर सगळ्या ओव्या परत आल्या.

उरलेल्या ओळींसाठी आईला बसवलं. ती ऐंशीच्या पुढची, वाचता येत नाही, पण पहिले दोन शब्द वाचले की पुढची ओवी तिच्या तोंडून यायची. ज्या ओळी संगणकाला लागल्या नाहीत, त्यांतल्या बहुतेक तिने भरून दिल्या. एका ठिकाणी, फाइल अगदी नीट वाचता येत असताना, तिने मला थांबवलं.

“तसं नाही ते. तुझ्या आबांनी चुकीचं उतरवलंय. मी तेव्हाच सांगितलं होतं.”

भाचीने विचारलं, “मग आजी, बदलू का?”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “त्यांचं राहू दे. खाली माझं लिही.”

पुस्तकाची पानं सध्या लावतोय. त्या पानावर दोन्ही ओव्या आहेत.