मोटारीतील संगणक आणि संगीत : आधी फ्यूज, मग आवाज

मीरा रोडच्या बेव्हर्ली पार्कमधून सकाळी निघालेली मोटार दहिसर नाक्याच्या वाहतूक कोंडीत अडकली, की मागच्या आसनाचे कार्यालय होते. मांडीवर लॅपटॉप, डिकीत अॅम्प्लिफायर आणि वूफर. ही उपकरणे बसविणे फारसे अवघड नाही. मात्र त्यांना वीज कोणत्या वाटेने मिळते, याकडे दुर्लक्ष झाले तर ही हौस गाडीच्या जिवावर बेतू शकते.

मोटारीच्या १२ व्होल्टच्या विजेचा सहसा झटका बसत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते. खरा धोका उष्णतेचा आहे. व्होल्टेज कमी असले, की तेवढ्याच कामासाठी प्रवाह जास्त लागतो. घरात २३० व्होल्टवर ६० वॉटच्या उपकरणाला पाव अँपिअर पुरतो; मोटारीत त्यालाच ५ अँपिअर लागतात. ३०० वॉट खेचणारा अॅम्प्लिफायर २५ अँपिअर घेतो. बॅटरीपासून डिकीपर्यंतची ५ मीटर वायर दीड चौरस मिलिमीटरची असेल, तर जवळजवळ दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतो आणि सुमारे ३५ वॉट उष्णता गालिच्याखाली कोंडली जाते. १० चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत हीच घट पाव व्होल्टपेक्षा कमी राहते.

फ्यूज अॅम्प्लिफायरजवळ आहे, एवढ्यावर समाधान मानू नये. मुख्य फ्यूज वायरीच्या रक्षणासाठी असतो. त्यामुळे तो बॅटरीपासून वीतभर अंतरावरच हवा. इंजिनाकडून आत येताना पत्र्याच्या धारेने वायरीचे आवरण कापले गेले, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर ओतू शकते. अशा वेळी डिकीतला फ्यूज काहीच करू शकत नाही. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसविणेही तितकेच आवश्यक आहे.

ऋण टोक, म्हणजे अर्थ, रंग खरवडलेल्या पत्र्यावर घट्ट आणि जवळच जोडावे. अर्थ सैल असला किंवा लॅपटॉप व स्टिरिओ यांचे अर्थ दूरदूर असले, तर इंजिनाच्या गतीबरोबर चढणारी शीळ स्पीकरमधून ऐकू येते. आवाजाची तार व विजेची वायर गाडीच्या दोन विरुद्ध बाजूंनी न्यावी. भाईंदरच्या खाडीवरून येणाऱ्या खारट, दमट हवेत जोड लवकर गंजतात. पावसाळ्यापूर्वी ते तपासून घ्यावेत.

लॅपटॉपसाठी इन्व्हर्टर लावून १२ चे २३० आणि पुन्हा २० व्होल्ट करण्यात वीज वाया जाते. थेट १२ व्होल्टवर चालणारा कार चार्जर अधिक सोयीचा. गाडीत कायमचा संगणक बसविणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्टार्टर फिरताना व्होल्टेज ९ च्या आसपास किंवा त्याखालीही घसरते आणि संगणक बंद पडतो. ही घट सोसणारा वीजपुरवठा आणि चावी काढताच जोडणी तोडणारा रिले त्यासाठी हवा.

इंजिन बंद ठेवून ६ अँपिअरचा भार चालविला, तर छोट्या मोटारीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तीनेक तासांत निम्मी होते. मग गाणी वाजतील. गाडी मात्र सुरू होईलच असे नाही. म्हणून कारागिराला आवाज किती मोठा येईल, हे विचारण्याआधी फ्यूज कुठे बसविणार, हे विचारावे.