विजेच्या वस्तूवरील खूण

पौष महिना होता. थंडी कडाक्याची. आठवड्याच्या बाजारात पाणी तापवायचे विजेचे रॉड विकायला आले होते. किंमत अगदी कमी. विकणाऱ्याने एक रॉड बादलीत सोडला आणि बटण दाबले. थोड्या वेळाने पाण्यातून वाफा निघू लागल्या. तो म्हणाला, "गुरुजी, पाणी तापतंय ना? मग आणखी काय पाहिजे?"

आम्हांलाही ते पटले. रॉड घरी आणला.

दोन महिने ठीक गेले. एके दिवशी पहाटे आमच्या सौभाग्यवतींनी पाणी तापले का, हे पाहायला बादलीत बोटे बुडवली. बटण चालूच होते. पाय ओले, खालची फरशी ओली. त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेजारच्या मुलाने धावत जाऊन मेन स्विच बंद केला, म्हणून जीव वाचला. उजवा हात मात्र महिनाभर बधिर होता.

गावच्या वायरमनने रॉड पाहिला. तो म्हणाला, "गुरुजी, ह्याला दोनच पिना आहेत. अर्थिंगची तारच नाही. आणि ह्याच्यावर खूण कुठं आहे?"

आम्ही जन्मभर मुलांना वाचायला शिकवले. पण वस्तूवर काय लिहिले आहे, ते स्वतः वाचले नाही. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. आमची चूक तुमच्या हातून होऊ नये, म्हणून हे सांगतो.

वीज पाण्यात कशी उतरते?

रॉडच्या आत तारेचे वेटोळे असते. विजेने ते तापते. त्याच्याभोवती धातूची नळी असते. तार आणि नळी यांच्यामध्ये पांढरी भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, पण वीज अडवते. नळीला चीर गेली आणि भुकटीत ओल शिरली, की वीज नळीत आणि पाण्यात उतरते. पाणी मात्र तापतच राहते. पाहणाऱ्याला काही कळत नाही. हात घातला, की ती वीज अंगातून जमिनीकडे धावते.

म्हणून तिसरी पीन असते. ती इतर दोन पिनांहून जाड आणि लांब असते. तिला हिरवी तार जोडतात. बंधाऱ्याला जसा सांडवा, तसे विजेला अर्थिंग. वाट चुकलेली वीज या तारेने जमिनीत जाते. माणूस वाचतो.

परीक्षा कशी घेतात?

मडके आपण वाजवून घेतो. बैलाचे दात पाहतो, त्याला चालवून पाहतो. विजेच्या वस्तूची पारख अशी बाजारात होत नाही. ती प्रयोगशाळेत करावी लागते.

आपल्या घरातली वीज २३० व्होल्टची असते. प्रयोगशाळेत वस्तूला त्याच्या कितीतरी पट दाब देतात आणि वीज कुठे फुटते का, ते पाहतात. वस्तू दमट हवेत ठेवून तपासतात. गळणारी वीज मोजतात. अर्थिंगची वाट मोकळी आहे का, ते पाहतात. तार २५ वेळा जोराने ओढून पाहतात. माणसाच्या बोटाएवढे, सांध्यांचे एक खोटे बोट केलेले असते. ते फटीतून आत घालतात. ते विजेच्या भागाला लागले, तर वस्तू नापास!

पास झालेल्या वस्तूला आयएसआय खूण मिळते. भारतीय मानक संस्था १९४७ साली निघाली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. १९८७ साली संस्थेच्या जागी भारतीय मानक ब्यूरो आला. खुणेचे नाव तेच राहिले.

खुणेची अक्षरे इंग्रजी आहेत. दोन उभ्या दांड्या आणि मध्ये सापासारखे वळलेले अक्षर. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो. रॉडसाठी तो ३६८, इस्त्रीसाठी ३६६. खाली कारखान्याच्या परवान्याचा क्रमांक असतो. क्रमांक नसेल, तर खुणेवर भरवसा ठेवू नये. खोटी खूणही छापता येते. घरातल्या मुलाला सांगून मोबाइलवर 'बीआयएस केअर'मध्ये तो क्रमांक घालून पाहावा. कारखान्याचे नाव तिथे दिसते.

एवढे सांभाळा

खूण असली, तरी आपण गाफील राहू नये. जुनी वस्तू बिघडते. घराला अर्थिंग नसेल, तर तिसरी पीन काय करील? ते वायरमनकडून तपासून घ्यावे. गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवून घ्यावा. त्याला आरसीसीबी म्हणतात. माणसाच्या रक्षणासाठी तो ३० मिलीअँपिअरचा घ्यावा. तिसरी पीन कधी मोडू नये. पाण्याला हात लावण्याआधी बटण बंद करावे आणि पीनही काढावी.

कोणाला वीज धरून राहिली, तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा. मग लगेच दवाखान्यात न्या.

आज घरी गेलात, की आपला रॉड हातात घ्या. पीन काढलेली असू द्या. पिना मोजा. खूण शोधा. क्रमांक वाचा. खूण नसेल, तर तो रॉड पुन्हा लावू नका. चार पैसे गेले, तर पुन्हा मिळतील.